ऐंशी टक्के बरं वाटायलंय, आता गोळी सोडू का?

एका बाईचं पत्र आलं, मोठं होतं, दोन पानं पाठपोट लिहून फोटो काढून पाठवलेलं. त्यातलं कामाचं तेवढं खाली देते, नाव-गाव काढून टाकलंय.

"अक्का नमस्कार. माझं वय ४१, तालुका अंबाजोगाई. घरी दोन एकर कोरडवाहू, कापूस आन सोयाबीन. दोन वर्षापासून हाताची बोटं आन मनगटं सकाळी धरून यायची. गावातल्या डॉक्टरनं चिकनगुन्याचं राहिलंय म्हणून दीड वर्ष इंजेक्शनं दिली. मग लातूरला दाखवलं तर आरए निघाला, रक्ताची सीसीपी टेस्ट पण पॉझिटिव्ह. सात महिन्यापासून मेथोट्रेक्सेट १५ ची दर रविवारी एक, फॉलिक, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) आन वायसोलोन ५ ची रोज सकाळी एक चालू आहे. आता ऐंशी टक्के बरं आहे. सकाळी हात मोकळे व्हायला पाऊण तास लागतो, वेचणीच्या दिवसात दुखायची गोळी घेते, आठवड्यात चार-पाच होतात. भाकरी पोरगी थापते. रक्त तपासून चार महिने झाले. मेडिकलवाला म्हणला ही कॅन्सरची गोळी आहे, लिव्हर जातं, तवापासून झोप नाही. नणंद म्हणती परभणीकडं एकजण पुडी देतो, दोन दिवसात हात मोकळे होतात, रक्त तपासायची झंझट नाही. सासूबाईनं चिंच-दही बंद केलंय. गोळी कधी सोडू? हे हार्टवर जातं म्हणतात ते खरं का? मिश्री लावते, चालते का? आन पोरीला होईल का, तिचं बघायचं चालू आहे."

बाई, तुला तू म्हणते, राग मानू नको, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा पण तू लहान आहेस. मी सिस्टर म्हणून सरकारी दवाखान्यात ड्युटी करून रिटायर झालेली बाई, डॉक्टर नाही, तेव्हा तुझ्या गोळीचा डोस मी ठरवणार नाही, तो तुझा लातूरचा डॉक्टरच ठरवील. पण हा आजार, आरए म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस, सांध्यांचा वात, मलाही २००९ पासून आहे, त्यामुळं दोन्ही बाजूनं बघितलाय, खाटेच्या बाजूला उभं राहून आणि खाटेवर पडून.

तुझं पत्र वाचताना मी भाकरीपाशी थांबले. पोरगी थापते असं तू सहज लिहून गेलीस. ज्वारीचा उंडा परातीत ठेवून तळव्यानं आणि बोटांनी गोल फिरवत थापताना सगळा जोर कुठं येतो माहितीय का, मूठ वळली की ज्या चार गाठी वर दिसतात ना, बोटांच्या मुळाशी, त्या सांध्यांवर आणि मनगटावर. आणि आरए नेमका तिथंच येऊन बसतो, दोन्ही हातांत सारखाच, बोटाचा मधला सांधा पण धरतो, नखाजवळचा मात्र बहुतेक सोडून देतो. म्हणजे तुझी ऐंशी टक्के ही जी मोजणी आहे ती तू दीड वर्षापूर्वीच्या त्या वाईट दिवसांशी ताडून केलीयस, जेव्हा वेणी घालायला पण दुसरं माणूस लागत असेल. तेव्हापेक्षा बरं आहे हे खरंच. पण पाऊण तास हात उघडायला लागतो, आठवड्याला चार-पाच दुखायच्या गोळ्या लागतात, वर वायसोलोन म्हणजे रोजचं स्टेरॉइड चालू असून ही परिस्थिती आहे, आणि भाकरी थापता येत नाही, तर माझ्या हिशोबानं आजार अजून जागा आहे. तू विचारायलीस गोळी सोडू का, आणि मला तुझ्या पत्रावरून वाटायलंय की गोळी अजून पुरी पडलेलीच नाही.

हे जरा उलटं वाटंल म्हणून सांगते. हा आजार म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि मग शेजारचं कुर्चाचं आवरण आणि हाड कुरतडायला लागतं. दुखणं हा त्यातला फक्त आवाज आहे, कुरतडणं आवाज कमी झाला तरी चालू राहू शकतं. दुखायच्या गोळीनं आवाज बंद होतो, उंदीर आतच राहतो. मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू, सल्फासॅलाझीन, लेफ्लुनोमाइड ही जी मंडळी आहेत ती उंदराच्या मागं लागणारी, हळू काम करतात, मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायलाच सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून लोकांना वाटतं काही उपयोग नाही हिचा.

आजकाल डॉक्टर लोकं एक ध्येय ठरवून औषध देतात. आजार पूर्ण शांत, नाहीतर अगदी नावाला शिल्लक. सुजलेले सांधे मोजायचे, दुखणारे मोजायचे, ईएसआर नाहीतर सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट बघायची, पेशंटला स्वतःला कसं वाटतं ते विचारायचं आणि त्यावरून आकडा काढायचा. तीन महिन्यांत चांगला फरक दिसला पाहिजे आणि सहा महिन्यांत ध्येय गाठलं पाहिजे, नाही गाठलं तर औषध वाढवायचं किंवा बदलायचं, असा सरळ नियम आहे. तुला सात महिने झालेत. तुझी मेथोट्रेक्सेट १५ वर आहे, ही आठवड्याला २० ते २५ मिलीग्रॅमपर्यंत नेता येते, पोटाला सोसत नसंल तर तीच इंजेक्शननं घेता येते, सोबत सल्फासॅलाझीन जोडता येतं. (ते घेतलं की लघवी नारंगी होते, घाबरायचं नाही, पण सल्फाची ॲलर्जी असंल तर आधी सांगायचं.) मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझीन आणि एचसीक्यू हे तिन्ही एकत्र, याला ट्रिपल थेरपी म्हणतात, आणि २०१३ ला एक मोठा अभ्यास छापून आला, ज्यांना नुसत्या मेथोट्रेक्सेटनं भागलं नव्हतं अशा ३५३ पेशंटवर, त्यात या तीन स्वस्त गोळ्या महागड्या एटानरसेप्टच्या इंजेक्शनपेक्षा कमी पडल्या नाहीत. आपल्यासारख्या कोरडवाहू माणसाला ही लई मोठी गोष्ट आहे बरं. हे सगळं डॉक्टरला विचार, स्वतः गोळ्या वाढवू नको.

आता कॅन्सरच्या गोळीचं. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, अर्धं बोलला, आणि अर्धं बोलणं जास्त नडतं. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमधे वापरतातच. ज्या कामातनं ही गोळी निघाली त्यात आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा हात होता, अमेरिकेत लेडर्लीच्या लॅबमधे, १९४० च्या दशकात, लहान लेकरांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी. पण कॅन्सरला काही वेळा एका खेपेला शेकडो-हजारो मिलीग्रॅम देतात आणि आपल्याला आठवड्याला पंधरा. मिठाची चिमूट आणि मिठाचं पोतं, दोन्ही मीठच. आरएसाठी अमेरिकेत हिला १९८८ ला मंजुरी मिळाली, आणि आता जगभर आरएची पहिली गोळी बहुतेक हीच असते.

लिव्हरवर येऊ शकतं का, हो येऊ शकतं. म्हणून तर रक्त तपासायचं असतं. रक्तपेशींसाठी सीबीसी, लिव्हरसाठी एसजीपीटी, किडनीसाठी क्रिएटिनिन, एवढ्या तीन टेस्ट. सुरवातीला दोन-चार आठवड्याला आणि डोस बसला की दोन-तीन महिन्याला. तुझे चार महिने झालेत आणि मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात जास्त खटकलेलं हेच आहे. मेथोट्रेक्सेटला भ्यायचं नाही पण तिच्यावर नजर ठेवल्याशिवाय घ्यायची पण नाही. वेचणीच्या दिवसात एक खाडा म्हणजे मजुरी जाते हे मला कळतंय, पण एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि या टेस्टसाठी लातूरलाच जायला पाहिजे असं पण नाही, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थचं सरकारी मेडिकल कॉलेज तुझ्या तालुक्यातच आहे की. लातूरच्या डॉक्टरला विचार, रिपोर्ट इकडं काढून फोटो पाठवला तर चालंल का. बहुतेक हो म्हणतील.

या गोळीत खरा जीवघेणा धोका कशाचा आहे ते सांगते. एक बाबा आमच्या वॉर्डात आले होते, कोणत्या गावचे ते सोडा. डॉक्टरनं चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा लिहिलं होतं, मेडिकलमधल्या पोरानं पाकिटावर रोज एक असं पेनानं लिहून दिलं. बाबा रोज घेत राहिले, बारा दिवस. आले तेव्हा तोंडात ओठापासून घशापर्यंत फोड, पाणी गिळता येईना, ताप, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या. बाबा वाचले, पण आठवडाभर आम्ही सगळ्या त्यांच्या खाटेपाशीच होतो. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगते, कालनिर्णयवर तुझ्या रविवारला गोल कर, गोळी घेतली की त्यावर फुली मार. एखाद्या रविवारी विसरलीस तर एक-दोन दिवसात घेतलीस तरी चालतं, त्याच्या पुढं गेलं तर सोडून दे, पुढच्या रविवारी एकच घे, दोन नाही. फॉलिकची गोळी वेगळ्या वारी. दोन्ही लहान पिवळसर गोळ्या असतात, एकाच डबीत ठेवू नको, अंधारात लोड शेडिंगमधे हात दुसरीलाच लागतो.

आणि अजून दोन गोष्टी. ताप, जुलाब, उलट्या चालू असतील त्या आठवड्यात मेथोट्रेक्सेट घ्यायची नाही, बरं वाटल्यावर डॉक्टरला विचारून परत सुरू. आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा बेचाळीसला जातो, अंगातलं पाणी आटतं, किडनी मंदावली की ही गोळी अंगातनं बाहेर पडत नाही, साचते. दुसरी, लघवीच्या त्रासाला गावात सेप्ट्रान म्हणून जी गोळी सर्रास देतात, को-ट्रायमॉक्साझोल, ती मेथोट्रेक्सेटबरोबर चालत नाही, दोघी मिळून रक्तपेशी खाली पाडतात. कुठल्याही डॉक्टरकडं कशासाठीही गेलीस तरी पहिलं वाक्य हेच, मी मेथोट्रेक्सेटवर आहे.

पोरबाळ आता होऊ द्यायचं नसलं तरी पाळी चालू असंल तर हे तुझ्यासाठी पण आहे, आणि वाचणाऱ्या दुसऱ्या लेकी-सुनांसाठी पण सांगते, या गोळीवर दिवस राहिले तर गर्भाला व्यंग येऊ शकतं, म्हणून मूल पाहिजे असंल तर आधीच डॉक्टरला सांगायचं, ते काही महिने अगोदर गोळी बंद करून दुसरी चालणारी गोळी देतात.

पुडीबद्दल. दोन दिवसात हात मोकळे होतात हे नणंद खरं सांगायलीय, मी नाकारत नाही. दोन दिवसात या आजारात हात मोकळे करणारी वस्तू एकच आहे बाई, स्टेरॉइड, आणि अशा पुड्यांमधे वाटून घातलेलं स्टेरॉइड आणि दुखायची गोळी कितीदा तरी सापडलीय. हा चमत्कार जगात पहिल्यांदा १९४८ ला अमेरिकेत मेयो क्लिनिकमधे झाला, २९ वर्षांची बाई, आरएनं खाटेला खिळलेली, फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरनं तिला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसात ती चालायला लागली, बाजारात जाऊन आली. १९५० ला हेंचला आणि आणखी दोघांना त्याच्यावर नोबेल मिळालं. आणि मग पुढं त्याच औषधाचं दुसरं तोंड दिसलं. चेहरा चंद्रासारखा गोल, शुगर वर, बीपी वर, हाडं ठिसूळ, मोतीबिंदू, इन्फेक्शन. डॉक्टर तुला वायसोलोन ५ देतोय ते मोजून देतोय, आणि त्याच्या डोक्यात ते कधी काढायचं याचा हिशोब असतो. पुडीत किती आहे ते पुडीवाल्यालाच माहीत नसतं.

आमच्या वॉर्डात अशा बाया येऊन पडायच्या, अंगानं भरलेल्या दिसायच्या, पाहुणे म्हणायचे तब्येत सुधारली, आणि हाताच्या चामडीला चिमटा काढला तर कागदासारखी. पुडीवाला गावाला गेला, पुडी चार दिवस मिळाली नाही, की ओकाऱ्या, चक्कर, बीपी खाली. कारण बाहेरनं इतके दिवस मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडून देतं. म्हणून कोणी घेतच असंल तर एकदम फेकून द्या असं पण मी म्हणणार नाही. पुडी पिशवीत घाला, डॉक्टरला दाखवा, तो हळूहळू उतरवील. हेच तुझ्या वायसोलोनला पण लागू आहे, मनानं बंद करू नको. पण डॉक्टरला हे नक्की विचार की मेथोट्रेक्सेट वाढवली तर वायसोलोन कमी करत बंद करता येईल का. गोळ्या कमी करायच्या झाल्या तर रांगेत पहिला नंबर तिचा.

दुखायच्या गोळ्यांचं पण तेच. आठवड्याला चार-पाच, त्यात मेथोट्रेक्सेट, त्यात उन्हातली वेचणी. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला आपल्या सरकारनं २००६ ला बंदी आणली ती गिधाडांसाठी, मेलेल्या जनावरातनं ते गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. माणूस काही गिधाड नाही, आपल्याला इतकं लगेच लागत नाही, पण किडनी आपल्याला पण दोनच आहेत. कोणती दुखायची गोळी घेतेस त्याचं पाकीट डॉक्टरला दाखव, तू बहुतेक सांगितलेलंच नसशील.

चिकनगुन्याचं म्हणून दीड वर्ष गेलं, त्याबद्दल त्या गावातल्या डॉक्टरवर मी लई चिडणार नाही. २००६ ला मराठवाड्यात चिकनगुन्या आला तेव्हा घरटी माणसं वाकली होती आणि त्यातल्या कितीजणांचे सांधे महिनोनमहिने सुजत राहिले, आरएसारखेच दिसायचे. तेव्हापासून आपल्याकडं सांधा म्हणलं की चिकनगुन्या. पण वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा, सहा आठवड्यांच्या वर हाताचे लहान सांधे सुजलेले असतील आणि सकाळी अर्ध्या तासाच्या वर आखडत असतील तर आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी तपासून घ्या, आणि फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं पण समजू नका, पाच-सहा जणांमागं एखाद्याला दोन्ही निगेटिव्ह असून आजार असतो. सुरवातीच्या तीन-सहा महिन्यांत औषध चालू झालं तर निकाल सगळ्यात चांगला येतो. तुझे ते महिने गेले, जाऊ दे, आता त्याचं रडगाणं नको, पण म्हणूनच पुढचे महिने अपुऱ्या डोसावर घालवायचे नाहीत.

मी काय केलं होतं ते सांगते आणि हा माझा मूर्खपणा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. २०११ ला मला इतकं छान वाटायला लागलं की मीच सिस्टर, मलाच सगळं कळतं, म्हणून गोळ्या बंद केल्या, डॉक्टरला न सांगता. चार महिने काही झालं नाही, मी सगळ्यांना सांगत फिरले बघा कशी बरी झाले. पाचव्या महिन्यात उजवं मनगट असं फुगलं की सलाइनची बाटली स्टँडला लावता येईना. परत गोळ्या चालू केल्या, सूज उतरली, पण मनगट गेलं ते गेलंच. आता ते मागं वाकत नाही. उठताना जमिनीला हात टेकायचा तर मूठ टेकवते. नमस्कार करताना दोन्ही तळवे जुळत नाहीत, एक कोपर वर राहतो, नवीन माणसाला वाटतं बाईला शिष्टपणा आहे. औषध कमी करता येतंच नाही असं नाही, आजार सहा महिने, वर्षभर पूर्ण शांत राहिला तर डॉक्टर हळूहळू डोस उतरवून बघतात, काहींना जमतं, पण पूर्ण बंद केलं की जवळपास निम्म्यांचा आजार उलटतो. तुझं तर अजून शांतच झालेलं नाही, तर उतरवायची गोष्टच कशाला.

हार्टवर जातं का? हो. नुसतं सांध्याचं दुखणं समजू नको याला. ज्या सुजेनं सांधा कुरतडला जातो ती रक्तातनं सगळीकडं फिरते, रक्तवाहिन्या पण खराब करते, आरएच्या माणसाला हार्टचा धोका बाकीच्यांपेक्षा साधारण दीडपट धरतात. पूर्वी या आजारात आयुष्य काही वर्षांनी कमी व्हायचं, आता वेळेवर औषध घेणाऱ्यांत हा फरक बराच कमी झालाय. आणि गंमत बघ, ज्या मेथोट्रेक्सेटला तू भ्यायलीस, ती नियमित घेणाऱ्यांत हार्टचे झटके कमी दिसलेत. तेव्हा वर्षातनं एकदा बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघायचं. फुफ्फुसावर पण येतं काहींना, कोरडा खोकला जाईना आणि माळवदाचा जिना चढताना दम लागायला लागला तर धुळीचा आहे म्हणून घरी बसू नको. हाडं ठिसूळ होतात, स्टेरॉइड असंल तर जास्तच, म्हणून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी विचारून घे. एचसीक्यूसाठी डोळ्याचा पडदा सुरवातीला एकदा तपासून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. कधी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला आरए आहे हे सांगायचं, जुन्या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात.

इन्फेक्शनचं पण आहे. आजारानं आणि औषधानं दोन्हींनी प्रतिकार जरा कमी होतो, त्यामुळं ताप आला तर अंगावर काढायचा नाही, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारायचं. पुढं कधी गोळ्यांनी भागलं नाही आणि बायोलॉजिकची (एटानरसेप्टसारखी) इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबची गोळी सांगितली तर त्याच्या आधी छातीचा एक्सरे आणि झोपलेला टीबी आहे का याची टेस्ट केल्याशिवाय सुरू करायची नाही, आपल्या मुलखात कितीतरी माणसांच्या अंगात टीबी झोपलेला असतो आणि ही औषधं त्याला उठवतात. टोफासिटिनिब आता स्वस्त झालीय म्हणून लवकर लिहून देतात, तिच्यात नागीण उठण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि पन्नाशीच्या पुढं हार्टचा धोका असलेल्यांनी तर नीट विचारूनच घ्यावी.

मिश्री. मला माहीत होतं कोणीतरी विचारणार. मिश्रीनं आरए होतो असं मी सांगणार नाही, तसं ठरलेलं नाही. बिडी-सिगारेटचं मात्र पक्कं आहे, ओढणाऱ्यांत आरए जास्त होतो आणि मेथोट्रेक्सेटचा गुण कमी येतो. पण मिश्रीनं हिरड्या सडतात, आणि हिरड्यांच्या आजाराचं आणि आरएचं नातं आहे हे आता बरंच पुढं आलंय, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचं वेगळंच. आणि मेथोट्रेक्सेटचा पहिला इशारा तोंडात छाले येऊन मिळतो, तू तिथं मिश्री घासत बसलीस तर छाला गोळीचा का मिश्रीचा हे कोण ओळखणार. सोड ती. एकदम सुटत नसंल तर आधी दुपारची सोड.

चिंच-दह्यानं काही होत नाही. आंबट खाऊ नको हे सासूबाईंनी वाताच्या जुन्या समजुतीतनं सांगितलंय, प्रेमानंच सांगितलंय, पण आरएमधे आंबटानं सूज वाढते असं नाही. दही तर खाच, हाडाला कॅल्शियम मिळतं आणि या आजारात अंगातलं रक्त बऱ्याचदा कमी असतं, तेव्हा उपाशी ठेवणारं पथ्य नको. सासूबाईंशी भांडू नको पण, डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घे, त्यांना सोबत घेऊन जा.

हातांचं सांगायचं राहिलं. सूज असलेल्या दिवशी हाताला जोर नको, बाकी दिवशी हात ठेवून द्यायचे नाहीत. सकाळी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून बोटं उघड-मीट कर, अंगठा एकेका बोटाला लाव, मनगट गोल फिरव, मऊ बॉल नाहीतर कणकेचा गोळा दाब. इंग्लंडात ४९० पेशंटवर केलेल्या अभ्यासात औषधाच्या जोडीला केलेल्या हाताच्या व्यायामानं हाताचं काम सुधारलं होतं. ओले कपडे पिळण्यापेक्षा निथळत टाक, घागर कडेवर घे, बोटात बादलीची कडी अडकवून ओढत नेऊ नको. आणि एक वही कर. रोज सकाळी उठल्यापासून हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, दुखायची गोळी घेतली का नाही, आणि आठवड्यातनं एकदा एक भाकरी थापून बघ, जमली का, अर्ध्यात सोडली का. डॉक्टरसमोर तू "बरं आहे" म्हणतेस ना, आपण सगळ्याच म्हणतो, त्याऐवजी ही वही पुढं कर.

पोरीचं. आईला असलं तर लेकीला धोका दोन-चार पट असतो असं म्हणतात तेव्हा छाती धडधडते, पण मुळात हा आजार शंभरात एखाद्याला, त्याहून पण कमी लोकांना असतो, त्याची दोन-चार पट म्हणजे शंभर लेकींतल्या नव्वदहून जास्त मोकळ्याच. एकाच वारेतल्या अगदी सारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणींत एकीला झाला तर दुसरीला पंधरा टक्क्यांच्या आसपासच होतो. बघायला येणाऱ्यांपुढं हे लपवायचं का सांगायचं हा तुमच्या घरचा प्रश्न, पण तुझी बोटं बघून कोणी पोरीला नाकारत असंल तर ते घर तसंही नको होतं. तिला काही त्रास नसताना आरए फॅक्टर तपासत बसू नको, निरोगी माणसात पण तो पॉझिटिव्ह येतो आणि मग उगं घोर. फक्त तिनं बिडी-सिगारेटच्या घरात पडू नये एवढं बघ.

पैशाचं एक. मेथोट्रेक्सेट, फॉलिक, एचसीक्यू जनऔषधीच्या दुकानात मिळतात का विचार, मिळाल्या तर बराच फरक पडतो, पण पाकिटावरचा मिलीग्रॅमचा आकडा दरवेळी बघायचा, १५ च्या जागी अडीचची किंवा साडेसातची दिली तर हिशोब चुकतो. ॲडमिट व्हायची वेळ आली तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं.

तू लिहिलंस मंगळवारी बाजाराला अंबाजोगाईला जातेस. तर या मंगळवारीच रक्त देऊन ये. सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिनला उपाशी जावं लागत नाही, चहा-भाकर खाऊन जा. फक्त शुगर किंवा कोलेस्टेरॉल त्याच दिवशी करायचं असंल तर आदल्या दिवशी लॅबवाल्याला फोन करून विचार.